बाबांची दुपार आणि लाहौलची फुलं

इंदूरच्या छत्रीबागेतल्या आमच्या गल्लीत एक रीत होती. ज्या घरातला माणूस रातपाळी करून आला असेल, त्या घराच्या बाहेरच्या कडीला ओला पंचा टांगलेला असे. पंचा दिसला की भाजीवाला हाळी न देता पुढे जाई, पोस्टमन सायकलची घंटी न वाजवता पत्र फटीतून आत सरकवी, आणि आम्ही पोरं आमचा दंगा उचलून खान नदीच्या बाजूला निघून जायचो. पंचा वाळेपर्यंत माणूस झोपलेला, असा सगळ्यांचा समज होता. उन्हाळ्यात तो लगेच वाळे, म्हणून आई तो मधेच उतरवून पुन्हा भिजवून आणी.

बाबा मिलीत साचेखात्यात जॉबर होते. साचे म्हणजे कापड विणायचे माग. ते बिघडले की दुरुस्त करायचे, धागा तुटला की सांधायचा, विणणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं, हे त्यांचं काम. मागांच्या खडखडाटात इतकी वर्षं काढल्यावर त्यांचे कान निम्मे गेले होते. आम्ही उशाशी ढोल बडवला असता तरी ते उठले नसते. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आईला तर सर्वांत जास्त. तरी ती आम्हाला कुजबुजत बोलायला लावायची. भांडी घासायची ती बोटांनी, काथ्या न लावता. मी एकदा वैतागून म्हटलं की त्यांना ऐकूच येत नाही तर हा सगळा तमाशा कशाला, तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. रात्रभर राबून आलेल्या माणसासाठी घराने आवाज खाली आणायचा असतो, त्याला ऐकू येवो न येवो, असं तिचं म्हणणं असावं.

बाबा खरोखर झोपलेत की नुसते पडलेत, हे ओळखायची एक खूण होती. जागेपणी त्यांचा उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी सतत चालायची. तुटलेल्या धाग्याला गाठ मारावी तशी ती दोन बोटं एकमेकांवर फिरत राहायची. बोलताना, पेपर वाचताना, देवापुढे उभं असतानासुद्धा. डोळे मिटून पडले तरी बोटं चालू असली तर समजायचं की अजून लागली नाही. मग केव्हातरी बोटं मोकळी व्हायची, हात खाटेवरून खाली लोंबायचा, आणि आई आम्हाला खुणेनेच सांगायची, की लागली.

मग मिल बंद पडली. एका दिवसात नाही पडली. आधी एक खातं बंद, मग एक पाळी बंद, मग सुताची गाडी आली नाही म्हणून आठवडाभर सुट्टी, मग गेटवर कुलूप. भोंगा वाजायचा थांबला. सुरुवातीला बाबा रोज सायकल काढून गेटवर जायचे. तिथे सगळे जमायचे, घोषणा द्यायचे, पुढारी येऊन भाषणं ठोकून जायचे. हळूहळू माणसं कमी झाली. कोणी सांवेरला गावी शेतात परतला, कोणी ऑटो चालवायला लागला, कोणी राजवाड्यापाशी हातगाडी लावली. बाबांच्याने यातलं काही झालं नाही. ते घरी बसले.

आणि त्यांची झोप गेली. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, रात्रीची सवय नाही, होईल हळूहळू. पण रात्र गेली तशी दुपारही गेली. आई सवयीने सकाळी पंचा भिजवून टांगायची, बाबा सवयीने खाटेवर आडवे व्हायचे, आणि बोटं चालत राहायची. डोळे खोल गेले. चेहरा उतरला. एकदा जेवताना वरणभाताचा घास हातातच राहिला आणि ते भिंतीकडे बघत बसले. आई म्हणाली, जेवा. ते म्हणाले, "साचे चालू आहेत गं कानात. बंद नाही होऊन राहिले."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की बाबांना गुंगी यायची, झोप यायची नाही. दिवसभर ते धडपडत चालायचे. एकदा मोरीत पडले, तेव्हा आईने त्या गोळ्या उचलून कचऱ्यात टाकल्या. डॉक्टर खाजगीत मला म्हणाले की असंच चाललं तर यांचं हृदय साथ देणार नाही, तुम्ही काहीतरी करा. तुम्ही काहीतरी करा, हे वाक्य त्या काळात मला कितीजणांनी ऐकवलं असेल. काय करायचं ते मात्र कोणी सांगितलं नाही.

मी तेव्हा रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन नोकरीला लागले होते. नोकरी कुठे, तर सांवेरच्या रस्त्यावरच्या एका बिअरच्या कारखान्यात. आई नातेवाइकांना सांगायची, पोरगी कोल्ड्रिंकच्या फॅक्टरीत पाणी तपासते. पाणी मी तपासायचे हे खरंच होतं. बाबांना खरं काय ते माहीत होतं. आयुष्यात सुपारीसुद्धा न खाल्लेला माणूस तो, पण त्यांनी एवढंच विचारलं की कारखाना चालू आहे ना. मी हो म्हटलं. ते म्हणाले, मग जा.

माझं खरं काम हॉप्सचं होतं. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. लहानशा हिरव्या कणसासारखी दिसतात, पाकळ्यांच्या आत पिवळी भुकटी असते, आणि बिअरचा कडूपणा नि वास तिच्यातून येतो. आमच्याकडे ती हिमाचलातल्या लाहौलहून यायची, बर्फाने घाट बंद व्हायच्या आधी, ट्रकने, पोत्यांत ठासून भरलेली. दोन जाती असायच्या, एक लेट क्लस्टर, एक गोल्डन क्लस्टर. कुठल्या घाण्याला कोणती आणि किती, हे आमचे ब्रूमास्टर, म्हणजे बिअर बनवण्यातले मुख्य, ठरवायचे. ते दक्षिणेकडचे, निवृत्तीला आलेले. तोंडाचं बोळकं व्हायला लागलं होतं, पण नाक तरुण होतं. त्यांनीच मला शिकवलं. चार फुलं तळहातावर घ्यायची, दुसऱ्या तळहाताने चोळायची, हात गरम होईस्तोवर. मग ओंजळ नाकाशी नेऊन एकदाच खोल श्वास घ्यायचा. दुसऱ्यांदा घ्यायचा नाही, दुसऱ्यांदा नाक खोटं बोलतं. जेवणाआधी, चहाआधी, सकाळी उठल्या उठल्या घेतलेला वास खरा. म्हणून ते मला कधी कधी नमुन्याची पुडी घरी न्यायला सांगायचे. उद्या सकाळी घरी वास घे आणि येऊन सांग, म्हणायचे.

तर अशीच एक पुडी एका शनिवारी माझ्या पर्समध्ये होती. आणि त्याच शनिवारी आईने मला राजवाड्याच्या जडीबुटी विकणाऱ्या पंसाऱ्याकडून जटामांसी आणायला सांगितली होती. कोणीतरी तिला सांगितलं होतं की तिच्या काढ्याने झोप लागते. मी साफ विसरले. टेम्पोतून उतरून पंसाऱ्याच्या दुकानावरून चालत गेले तरी आठवलं नाही. रविवारी मी न्हायला गेले तेव्हा आईने पर्स उघडली, कागदी पुडीत वाळलेली हिरवट फुलं पाहिली, पोरीने सांगितलेलं काम केलं म्हणून समाधान पावली, आणि मूठभर फुलं पातेल्यात टाकून उकळायला ठेवली.

मी केस पुसत बाहेर आले तर घरभर कारखान्याचा वास. मला आधी कळेचना की मी कुठे आहे. आई पेला विसळत होती. म्हणाली, "पुडी सापडली गं तुझ्या पर्समधे. उकळून दिली पण त्यांना. कडू कडू करत होते, गूळ टाकला मग."

मी धावत खाटेपाशी गेले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. हात खाटेवरून खाली लोंबत होता. बोटं मोकळी होती.

ते संध्याकाळच्या चहापर्यंत झोपले. मधे दोनदा आईने पंचा भिजवून आणला. मी तिला स्वयंपाकघरात नेऊन कुजबुजत सांगितलं की ती जटामांसी नाही, ती काय आहे आणि आमच्याकडे कशात घालतात. आईचा चेहरा पडला. ती ओट्याला टेकली. ज्या घरात श्रावणात कांदासुद्धा येत नाही, त्या घरातली ती बाई. मग तिने दारातून खाटेकडे पाहिलं आणि म्हणाली, "फूलच आहे ना ते? दारू तर नंतर बनते. मग फुलाचा काय गुन्हा?" एवढं बोलून ती चहा ठेवायला वळली. त्या विषयावर आमच्या घरात झालेली ही एवढीच चर्चा.

सोमवारी मी घाबरत घाबरत ब्रूमास्टरांना सांगितलं. ते पोट धरून हसले. मग म्हणाले की परदेशात जुने लोक या फुलांच्या उशा करतात, झोप येत नाही त्यांच्यासाठी, यात नवल काही नाही. लेट क्लस्टरच्या उघडलेल्या पोत्यातून लागेल तेवढी घेऊन जा, म्हणाले, आणि रजिस्टरात स्वतःच्या हाताने 'नमुना' असं लिहिलं. तेव्हापासून आमच्या घरी रोज सकाळी ती फुलं उकळायला लागली. बाबांनी एकदा विचारलं की हे काय देऊन राहिली तू मला. आई म्हणाली, पहाडातलं फूल आहे. यात खोटं काही नव्हतं.

त्या महिन्यांत बाबा पुन्हा माणसात आले. गालांवर मांस चढलं. संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या जाणाऱ्याशी मोठमोठ्याने बोलायला लागले, कारण स्वतःचाच आवाज त्यांना ऐकू यायचा नाही. डॉक्टरांनी मला विचारलं, कोणतं औषध चालू केलंत. मी म्हटलं, आयुर्वेदिक. आणि दुपारी घरात जो वास भरून राहायचा, थोडा गवताचा, थोडा जुन्या लाकडासारखा, मागाहून कडवट, तो मला आवडायला लागला. कारखान्यात तोच वास आला की मी घड्याळाकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, आता लागली असेल.

मग आमच्या कारखान्यात नवं वारं आलं. तेव्हा ते सगळीकडेच सुटलं होतं. आयात खुली झाली होती, परदेशी कंपनीने आमच्या मालकांशी भागीदारी केली होती, आणि एक नवे साहेब पुण्याहून आले होते. माणूस वाईट नव्हता, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. त्यांचं मराठी कडक इस्त्रीचं होतं. मी 'मी येऊन राहिली' म्हटलं की ते चष्म्यावरून पाहायचे आणि म्हणायचे, "तुम्ही येताय." मी म्हणायचे, हो साहेब, तेच. ते आले आणि त्यांनी सांगितलं की हॉप्सचा विचार पुन्हा करायचा आहे. जर्मनीहून नमुने मागवले आहेत. लाहौलचा माल दरवर्षी वेगळा निघतो, कधी ओला, कधी जास्त भाजलेला, घाट बंद झाला तर येतच नाही. यातला एक शब्दही चुकीचा नव्हता. मी स्वतः हे सगळं दर वर्षी तपासून लिहून दिलं होतं.

जर्मनीचा माल फुलांच्या रूपात आला नाही. फुलं दळून, दाबून त्याच्या हिरव्या गोळ्या केलेल्या, ढेपेसारख्या, चकचकीत हवाबंद पाकिटात. ब्रूमास्टरांनी एक गोळी चुरगाळून वास घेतला. मी विचारलं, कसा आहे. ते म्हणाले, फार चांगला आहे. ते असं म्हणाले की मला त्यांची दया आली.

निवड कशी करायची ते साहेबांनी ठरवलं. दोन्ही हॉप्स घालून छोटे घाणे काढायचे, आणि प्रयोगशाळेतल्या आम्हा सगळ्यांना टेबलाभोवती बसवून, कोणत्या पेल्यात काय आहे ते न सांगता वास घ्यायला लावायचा. मला आठवतं, मी रात्रभर ठरवत होते की काय बोलायचं. ज्या पेल्यात लाहौल असेल त्याची तारीफ करायची, त्यात जे गुण नाहीत तेसुद्धा सांगायचे. मला बिअरची पर्वा नव्हती. मला फक्त ती पोती यायला हवी होती. एवढ्या मोठ्या कारखान्याने, परदेशी भागीदारासकट, माझ्या बापाच्या झोपेसाठी हॉप्स निवडावेत असं मला वाटत होतं, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

पहिला पेला मी नाकाशी नेला. वास छान होता. फुलांचा, थोडा मसाल्याचा, स्वच्छ. मी तसं सांगितलं. मग दुसरा उचलला, आणि माझ्या डोळ्यांपुढे सरळ आमची खाट आली. लोंबता हात आला. कडीवरचा पंचा आला. इतरांनी सांगितलं, गवत, लाकूड, थोडा खवट. साहेबांनी मला विचारलं, "आणि तुम्हाला हा वास कशाचा वाटतो?"

मी म्हटलं, "दुपारचा."

टेबलावर हसू फुटलं. साहेबही हसले. "दुपारीला वास असतो होय?" म्हणाले. सगळी तयारी केलेली वाक्यं माझ्या तोंडातून पळून गेली होती. मी पुन्हा वास घेतला, जो घ्यायचा नसतो. पुन्हा दुपारच. तो कडू आहे की गोड, बरा की वाईट, हे मला सांगताच येईना. त्या एका बाबतीत माझं नाक कायमचं निकामी झालं होतं. साहेबांनी समजुतीने म्हटलं की तुम्ही दमलेल्या दिसता, तुमचं मत यात धरत नाही. ब्रूमास्टर माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं, पण त्यांच्या हातात तरी काय होतं.

माझं मत धरलं असतं तरी काही फरक पडला नसता. नंतर कळलं की जर्मनीच्या मालाचा करार भागीदारीच्या कागदांतच होता. टेबल, पेले, वास, हे सगळं आमच्या समाधानासाठी. मिल बंद व्हायच्या आधीसुद्धा बाबांना आणि त्यांच्या सोबत्यांना बोलावून विचारलं होतं म्हणे, की नवे माग आले तर चालवाल का. सगळे उत्साहाने हो म्हणाले होते. बाबा ते अजून सांगत, की आम्ही तर हो म्हटलं होतं.

उरलेलं लेट क्लस्टर शेवटच्या जुन्या घाण्यांत संपलं. ब्रूमास्टरांनी तळाची फुलं माझ्यासाठी बाजूला काढली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते निवृत्त झाले, म्हणजे केले गेले. मी घरी नवीन गोळ्या नेऊन पाहिल्या. शास्त्राप्रमाणे त्यांनीही काम करायला हवं होतं, मी त्या विषयावर व्याख्यान देऊ शकले असते. पण पातेल्यात त्यांचा हिरवा चिखल झाला. बाबांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाले की हे ते नाही. आईने गाळून, गूळ घालून पुन्हा दिलं. ते आज्ञाधारकपणे प्यायले आणि सगळं उलटून टाकलं. त्या दुपारी बोटं क्षणभर थांबली नाहीत. आईने तो प्रयोग पुन्हा केला नाही. उरलेली फुलं ती जपून वापरायला लागली. आधी मूठ, मग चिमूट. एक दिवस द्यायची, एक दिवस नुसतं गूळपाणी.

हिवाळ्याच्या तोंडाशी लाहौलहून ते गृहस्थ आले, जे दर वर्षी ट्रकबरोबर यायचे. या वेळी ट्रक नव्हता. बसने, मग रेल्वेने, मग टेम्पोने एकटेच आले, आणि नव्या पिकाचा नमुना म्हणून एक कापडी पिशवी घेऊन आले. साहेबांनी त्यांना बसवून, पाणी देऊन, नीट समजावून सांगितलं. पिशवी कोणी उघडली नाही. ते प्रयोगशाळेत माझ्या स्टुलावर येऊन बसले. मी चहा दिला आणि सगळं सांगितलं, बाबांचं, झोपेचं, आईच्या चुकीचं. ते ऐकताना एकदा हसले. मी म्हटलं, भाईसाहब, तुम्ही दर वर्षी पोस्टाने एक पुडा पाठवाल का, फक्त एक पुडा.

ते म्हणाले, "भेज दूँगा बेटी, क्यों नहीं. पर बेल रहे तब न. इस बार सब उखाड़ रहे हैं. मटर लगाएँगे."

मी विचारलं, तुम्ही पण? त्यांनी मान हलवली. तुमच्या एकट्याची वेल ठेवता नाही का येणार, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण ते किती मूर्खपणाचं होतं ते मला कळलं. त्यांनाही पोरंबाळं होती. आमच्या साहेबांनी त्यांच्याशी जे केलं तेच आम्ही मिलवाल्यांच्या पोरांनी भोगलं होतं, आणि आता मी त्यांच्याकडे मागणं घेऊन बसले होते. जाताना ते ती कापडी पिशवी माझ्या टेबलावर ठेवून गेले. पिताजी को देना, म्हणाले.

ती पिशवी हिवाळाभर पुरून उरली. चांगलं पीक होतं ते, इतक्या वर्षांत मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं. बाबा झोपले. आईने उरलेली फुलं स्टीलच्या डब्यात, वर कागद लावून, देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवली. मी तिला सांगितलं होतं की हॉप्सला थंडावा लागतो, गरमीत ती मरतात. मी कारखान्याच्या शीतघरात डबा ठेवायची परवानगी मागितली होती, पण तिथे आता गोळ्यांची पाकिटं होती आणि बाहेरचं काही ठेवायचं नाही असा नियम झाला होता. घरी फ्रिज नव्हता. मग मार्च गेला, एप्रिल गेला, आणि मे आला. इंदूरचा मे. रसायनशास्त्रातल्या माझ्या पदवीचा एवढाच उपयोग झाला, की डब्यात काय चाललं असेल ते मला रोज नेमकं कळत होतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी आईने डबा उघडला तेव्हा मी शेजारीच पोळ्या लाटत होते. वास आला. फुलं जुनी झाली की त्यांना फाटलेल्या दुधासारखा, घामेजल्या कपड्यांसारखा वास येतो. आईने डबा नाकाशी नेला आणि तशीच थांबली. मी म्हटलं, आई, ती गेली आता. त्यात काही राहिलं नाही. तिने तळाची सगळी फुलं, चुरा झटकून, पातेल्यात ओतली आणि गॅस लावला. गूळ जरा जास्त घातला.

बाबांनी पेला हातात घेतला. पहिल्या घोटाला त्यांच्या कपाळावर आठी आली. आई समोर उभी होती, पदराला हात पुसत, त्यांच्या तोंडाकडे बघत. तिने त्या वर्षभरात जे जे केलं ते सगळं तिच्या चेहऱ्यावर होतं. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पेला तळापर्यंत रिकामा केला. मग खाटेवर आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून. थोड्या वेळाने त्यांचा श्वास जड यायला लागला. अगदी झोपलेल्या माणसाचा, जरा जास्तच झोपलेल्या माणसाचा.

आई पंचा भिजवून बाहेर गेली. गल्लीत आता ती रीत कोणी पाळत नव्हतं, कारण रातपाळीचं घरच उरलं नव्हतं. फक्त म्हातारा भाजीवाला पाळायचा. त्याने गाडी थांबवली आणि दबक्या आवाजात आईला विचारलं, "सो रिये हें क्या?" आईने मान डोलावली. त्याने वजनाची मापं न वाजवता तिला भेंडी तोलून दिली.

मी खाटेपाशी गेले. बाबांचे डोळे मिटलेले होते, श्वास संथ होता. चादरीखाली त्यांचा उजवा हात छातीशी धरलेला होता, आणि चादर तिथे हलत होती. अंगठा आणि तर्जनी. गाठ, पुन्हा गाठ, पुन्हा गाठ.

आई माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. तिनेही पाहिलं. मी तिच्याकडे वळले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती वाकली आणि हलणाऱ्या चादरीवर तिने दुसरी चादर नीट पसरली, पुढचं काही दिसू नये अशी. मग ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू बोल. झोपलेत ते."

मी हळू बोलले. संध्याकाळच्या चहापर्यंत आम्ही दोघी कुजबुजतच होतो.